कुंदापूर वामन कामत : एका विकास बँकरची उलटसुलट वाटचाल

आंतरराष्ट्रीय विकास वित्तपुरवठ्याच्या क्षेत्रात सर्वोच्च पदावर पोहोचलेल्या मोजक्या भारतीयांत कुंदापूर वामन कामत यांची गणना होते. ब्राझील, रशिया, भारत, चीन व दक्षिण आफ्रिका या पाच राष्ट्रांनी उभारलेल्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचे ते पहिले अध्यक्ष. तथापि, त्यांच्या कारकिर्दीविषयी खरे कुतूहल वाटते ते निराळ्याच कारणाने. ज्या विकास वित्तसंस्थेत ते घडले, तिचे स्वतंत्र अस्तित्व त्यांच्याच नेतृत्वाखाली संपुष्टात आले; आणि पुढे उतारवयात दोन नव्या विकास बँकांच्या उभारणीची धुरा त्यांच्याकडेच आली.

कामत यांचा जन्म २ डिसेंबर १९४७ रोजी मंगळूर येथे झाला. सुरतकल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी आणि अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील शिक्षण पूर्ण करून १९७१ मध्ये ते मुंबईत आयसीआयसीआयमध्ये रुजू झाले. ही संस्था तेव्हा बँक नव्हती. खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जे मिळावीत म्हणून जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९५५ मध्ये तिची स्थापना झाली होती. व्यापारी बँकेकडे असतो तो ठेवीदाराचा पैसा, आणि तो मागेल तेव्हा परत द्यावा लागतो. कारखाना किंवा वीज प्रकल्प मात्र कर्ज फेडण्यास दहा-पंधरा वर्षे घेतो. हे अंतर भरून काढण्यासाठी सरकारच्या पाठबळाने स्वस्त दरात दीर्घ मुदतीचा पैसा मिळवणाऱ्या स्वतंत्र संस्था आवश्यक ठरतात.

१९८८ मध्ये कामत मनिला येथील आशियाई विकास बँकेच्या खासगी क्षेत्र विभागात गेले. आग्नेय आशियातील या वास्तव्यानंतर १९९६ मध्ये ते व्यवस्थापकीय संचालक म्हणून आयसीआयसीआयमध्ये परतले, तेव्हा परिस्थिती पालटली होती. आर्थिक सुधारणांनंतर विकास वित्तसंस्थांना मिळणारा सवलतीचा निधी आटला होता. बाजारभावाने पैसा उचलायचा आणि ठेवींच्या बळावर स्वस्तात कर्ज देणाऱ्या बँकांशी स्पर्धा करायची, हा व्यवहार फार काळ जमणारा नव्हता. अखेर २००२ मध्ये आयसीआयसीआय १९९४ साली स्थापन झालेल्या आपल्याच उपकंपनीत, आयसीआयसीआय बँकेत, विलीन झाली. आई लेकीच्या घरी राहायला जावी तसा हा प्रकार होता. दोन वर्षांनी आयडीबीआयनेही बँकेचे रूप घेतले. त्यानंतर रस्ते, बंदरे व वीज प्रकल्पांच्या दीर्घ कर्जांचा मोठा भार व्यापारी बँकांवर पडला आणि पुढील दशकातील थकीत कर्जांत या प्रकल्पांचा वाटा मोठा राहिला. याचा दोष एकट्या कामत यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. निर्णय परिस्थितीने लादलेला होता. मात्र विकास बँकांच्या त्या पिढीच्या अस्ताची चर्चा त्यांचे नाव वगळून करता येत नाही.

नव्या बँकेने गृहकर्ज, वाहनकर्ज आणि एटीएम मध्यमवर्गाच्या घरापर्यंत पोहोचवले. या वेगाची दुसरी बाजूही होती. वसुली एजंटांच्या दांडगाईवरून २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेला खडसावले. २००८ च्या जागतिक संकटात अफवांमुळे ठेवीदारांनी एटीएमसमोर रांगा लावल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेला ग्वाही द्यावी लागली. त्याच वर्षी कामत यांना पद्मभूषण मिळाले. २००९ मध्ये त्यांनी कार्यकारी सूत्रे चंदा कोचर यांच्याकडे सोपवली.

२०१५ मध्ये शांघाय येथे न्यू डेव्हलपमेंट बँकेचे काम सुरू झाले. प्रारंभीचे ५० अब्ज डॉलरचे भांडवल पाचही संस्थापकांनी समसमान, प्रत्येकी १० अब्ज, देण्याचे ठरले होते आणि नकाराधिकार कोणालाही नव्हता. अमेरिकेचा वरचष्मा असलेल्या जागतिक बँकेपेक्षा ही रचना मूलतः भिन्न होती. कर्ज लवकर मंजूर करणे आणि ते शक्यतो कर्जदार देशाच्या चलनात देणे, यांवर कामत यांचा भर राहिला. प्रकल्पाचे उत्पन्न रुपयांत आणि कर्ज डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरताच हप्ता फुगतो. हे दुखणे त्यांना आयसीआयसीआयपासून परिचित होते. बँकेने २०१६ मध्ये चीनच्या बाजारात ३ अब्ज युआनचे हरित रोखे विकले. भारत सरकारशी पहिला कर्जकरार झाला तो मध्य प्रदेशातील जिल्हा रस्त्यांसाठी, ३५ कोटी डॉलरचा. मुंबई मेट्रोसाठीही २६ कोटी डॉलर मंजूर झाले. २०१९ अखेर मंजूर कर्जांची रक्कम सुमारे १५ अब्ज डॉलर झाली होती. जागतिक बँकेच्या तुलनेत हा आकडा लहानच. परंतु शून्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला २०१८ मध्ये दोन प्रमुख मानांकन संस्थांनी दिलेला 'एए प्लस' दर्जा अधिक मोलाचा होता, कारण जगाच्या बाजारातून स्वस्तात पैसा मिळणे त्यावरच अवलंबून असते.

२०२० मध्ये पाच वर्षांची मुदत संपताच ब्राझीलचे मार्कोस ट्रॉयजो यांनी सूत्रे स्वीकारली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून पायाभूत सुविधांसाठी 'नॅबफिड' ही विकास बँक स्थापली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अध्यक्षपदी कामत यांची नियुक्ती झाली. मुख्यालय पुन्हा मुंबईतच. या बँकेला सरकारने २० हजार कोटी रुपयांचे भांडवल, ५ हजार कोटींचे अनुदान आणि परदेशी कर्जांसाठी नाममात्र शुल्कात हमीची तरतूद दिली. सरकारी पाठबळाचा हाच आधार नव्वदच्या दशकात जुन्या आयसीआयसीआयच्या हातून निसटला होता.