मालेगावचा भुईकोट : खंदक वाचला तर किल्ला वाचेल

नाशिककरांना नारोशंकर माहीत आहे तो घंटेमुळे. पंचवटीत गोदावरीच्या काठावर त्याचं मंदिर, दर्शनी भागात ती भली मोठी घंटा, आणि पूर आला की सगळ्यांची नजर तिच्याकडे. ती घंटा पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती इथे आली. हे शाळकरी पोरगंही सांगेल.

पण मंडळी, याच माणसाने आपल्याच जिल्ह्यात एक अख्खा किल्ला बांधला आणि त्या किल्ल्याभोवती पुढे एक अख्खं शहर उभं राहिलं, हे मालेगावच्या बाहेर किती जणांना ठाऊक आहे? खुद्द मालेगावातही 'किल्ला' म्हटलं की अनेकांना आधी शाळा आठवते, मग वस्ती. खंदक तर शेवटी.

नारो शंकर म्हणजे पेशवाईतला फिरता माणूस. १७४२ च्या सुमारास झाशीचा सुभेदार झाला. तिथला किल्ला वाढवला. त्या वाढीव भागाला त्याच्याच नावावरून शंकरगढ म्हणतात. पुढे पानिपताच्या वेळी भाऊसाहेबांनी दिल्ली ज्याच्या हवाली केली तोही हाच. पानिपतात सगळं बुडाल्यावर दिल्ली सोडून निघणंही त्याच्याच वाट्याला आलं. 'राजेबहाद्दर' ही पदवी घराण्याला चिकटली ती कायमची.

या माणसाने १७४० मध्ये मोसम नदीच्या काठावर, माळीवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहानशा वस्तीत किल्ल्याचं काम काढलं. डोंगर नाही, कडा नाही, सगळी सपाट जमीन. सह्याद्रीतल्या गडाला निसर्ग संरक्षण देतो, भुईकोटाला ते माणसाने खणून घ्यावं लागतं. एका अंगाला नदी, भोवती खंदक, बाहेर एक तट आणि आत दगडी बांधणीचा उंच बालेकिल्ला. काम पंचवीस वर्षं चाललं असं सांगतात. सुरतेकडून आणि उत्तरेकडून कारागीर आले, आणि एवढी वर्षं एका जागी राबलेला माणूस परत कशाला जातो? बरेच जण इथेच राहिले. नंतर उत्तरेकडून विणकर आले, हातमाग आले, पुढे यंत्रमाग आले, मुशायरे आले, घरच्या कॅमेऱ्यावर 'शोले' काढणारी पोरंसुद्धा आली. पण या गावात परमुलखातली माणसं येऊन स्थिरावण्याची सुरुवात किल्ल्याच्या बांधकामापासून झाली. आज मालेगावकडे बोट दाखवून 'हे लोक कुठून आले' असं विचारणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्यांना बोलावणारा पेशव्यांचा सरदार होता.

आता १८१८. हा भाग आपल्या पुस्तकांत दोन ओळींत संपतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेशवाई कोसळत होती. नारोशंकराचा वंशज गोपाळराव राजेबहाद्दर इंग्रजांच्या बाजूला झुकला आणि एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून त्याने पेशव्यांच्या शिबंदीकडून किल्ला घेतलासुद्धा. घेतला खरा, पण त्याच्याच पदरच्या अरब शिपायांनी त्याला आत कोंडलं. ज्याच्या पूर्वजाने किल्ला बांधला तो त्याच किल्ल्यात कैदी, आणि पगारी नोकर मालक! पगारावर आणलेली फौज शेवटी कोणाची असते, हा प्रश्न आपल्या सरदारांना तेव्हाच पडायला हवा होता.

राजदेहेर, त्र्यंबक असे आपले बळकट डोंगरी किल्ले इंग्रजांनी त्या उन्हाळ्यात फटाफट घेतले होते. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर कर्नल मॅकडॉवेल मालेगावसमोर आला, तेव्हा हा सपाटीवरचा किल्ला त्याला किरकोळ वाटला असणार. पण लढाई चालली जवळजवळ महिनाभर. २९ मे रोजी तोफांनी पाडलेल्या खिंडारावर हल्ला झाला. पुढे असलेला इंजिनिअर खिंडाराच्या माथ्यावर पोहोचला, इथून जाणं शक्य नाही असं ओरडला आणि गोळ्या लागून तिथेच पडला. हल्ला फसला. मग नगरहून जड तोफा आल्या. ११ जूनला तोफगोळ्यांनी किल्ल्यातल्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, तटाचा एक भाग खंदकात कोसळला, आणि १३ जूनला अरबांनी शरणागती पत्करली. तोवर इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेच्या वर गेले होते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. अरबांनी लेखी हमी मागितली. इंग्रज सेनापतीला चांगल्या वागणुकीपलीकडे फारसं काही द्यायचं नव्हतं. पण मराठीत कागद लिहिणाऱ्या कारकुनाच्या शब्दांतून त्याहून बरंच जास्त दिलं गेलं. वाद एल्फिन्स्टनकडे गेला. त्याने निवाडा दिला की मराठी कागदाचा जो अर्थ अरबांच्या फायद्याचा, तोच धरायचा. एका कारकुनाच्या मराठीने काही शे माणसांची बेडी चुकवली!

असा हा किल्ला. आता त्याची हालत काय?

आत शाळा आहे, काकाणी विद्यालय. पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिथे शिकली. किल्ल्यात शाळा कशाला, असं म्हणणारे इतिहासप्रेमी आहेत. मला ते पटत नाही. शाळा होती म्हणून रोज झाडलोट झाली, दारं उघडली, माणसांचा वावर राहिला. आपल्या जिल्ह्यात ज्या गढ्यांमध्ये कोणीच गेलं नाही, त्यांच्या भिंतींची माती लोकांनी घरं सारवायला नेली.

दुखणं खंदकाचं आहे. काही भाग बुजला, काठाने वस्ती झाली, सांडपाणी आणि कचरा आत. तट दिसतो म्हणून त्याच्यासाठी कोणीतरी बोलतं. खंदक म्हणजे खड्डा, आणि आपल्याकडे खड्डा दिसला की कचरा टाकायचा.

जर्मनीत म्युन्स्टर शहराजवळ ह्यूल्सहोफ नावाचा असाच खंदकातला वाडा आहे. तिथे १७९७ मध्ये आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्यूल्सहोफ ही कवयित्री जन्मली. तिचं चित्र पुढे त्यांच्या वीस मार्कांच्या नोटेवर आलं. त्या वाड्याभोवती आजही पाणी आहे, आत संग्रहालय आहे, साहित्याचे कार्यक्रम होतात. वाडा म्हणून तो आपल्या भुईकोटापेक्षा फार मोठा आहे असं नाही. त्यांनी फक्त पाणी हा वाड्याचाच भाग धरला.

आपल्याला लगेच पाणी भरायची गरज नाही, आणि रंगीत दिवे लावून सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. खंदकाची हद्द आधी मोजून नकाशावर यावी. सांडपाण्याला गटाराची वेगळी वाट मिळावी. काठावर राहणाऱ्यांना दुसरीकडे घर मिळेपर्यंत त्यांच्या घराला हात लावू नये. किल्ल्याच्या नावाने गरिबाचं छप्पर काढणं हा इतिहासाचा सन्मान नव्हे. आणि शाळेतल्या पोरांना १८१८ चा हा वेढा त्याच तटावर उभं करून शिकवावा, खंदक दाखवत.

मालेगावच्या मंडळींनी कॉमेंटमध्ये जुने फोटो टाकावेत. विशेषतः खंदकात पाणी असलेला फोटो कोणाच्या घरी असेल तर जरूर.