गिनी कोंबडीचा जमाखर्च

शहरापासून जरा लांब, एखाद्या गावाच्या शिवारात घर बांधणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘गिनी कोंबड्या पाळल्या की साप फिरकत नाहीत म्हणे, खरं का?’ प्रश्न खरे तर पशुवैद्याला किंवा सर्पमित्राला विचारायचा. पण माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाला तो विचारला की त्याचा हात आधी जुन्या पुस्तकांकडे जातो, आणि या पक्ष्याच्या बाबतीत ती पुस्तके खरोखरच उपयोगी पडतात. साधी कोंबडी माणसाने इतकी बदलून टाकली की तिचा रानातला पूर्वज शेजारी उभा केला तर नाते पटणार नाही. गिनी कोंबडी मात्र हजारो वर्षे माणसाच्या अंगणात राहूनही अर्धी रानातच राहिली. त्यामुळे तिचे जे गुण आणि जे त्रास प्राचीन लेखकांनी लिहून ठेवले, ते आजही जवळपास तसेच आहेत.

ज्यांनी हा पक्षी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. करड्या-काळ्या पिसांवर पांढरे ठिपके, गोल फुगीर अंग, पिसे नसलेले डोके आणि त्यावर हाडाचा तुरा, जणू शिरस्त्राण. मूळची ती आफ्रिकेतली. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत तिचे चित्र चक्क एका उच्चाराचे चिन्ह होते. ग्रीकांनी तिला ‘मेलिअ‍ॅग्रिस’ म्हटले. मेलिअ‍ॅगर नावाचा वीर मेला तेव्हा त्याच्या बहिणींचा आकांत थांबेना. अखेर आर्टेमिस देवीने त्यांना पक्षी करून टाकले, अशी कथा आहे. अंगावरचे ठिपके म्हणजे त्यांचे अश्रू, असेही सांगतात. कथा करुण आहे खरी, पण गिनी कोंबड्यांचा कळप ज्याने तासभर ऐकला असेल, त्याला ही कथा आकांतावरूनच सुचली असणार असे वाटल्यावाचून राहणार नाही.

आपल्या कामाची नोंद मात्र वेगळीच आहे. लेरोस या ग्रीक बेटावर कुमारी देवीच्या देवळाभोवती हे पक्षी पाळलेले असत. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य क्लायटस याने त्यांच्याविषयी लिहिले होते. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण तेवढा मजकूर अथेनिअस या नंतरच्या लेखकाने उतरवून घेतला म्हणून वाचला. क्लायटस सांगतो की तिथली जागा दलदलीची आहे, या पक्ष्याला पिल्लांची माया मुळीच नाही, आणि म्हणून पिल्लांची देखभाल पुजाऱ्यांनाच करावी लागते. देवीचे पक्षी म्हणून मान त्यांचा, आणि पिल्ले सांभाळायची पुजाऱ्यांनी!

माया नाही म्हणणे हा मला जरा अन्याय वाटतो. कोरड्या माळरानात वाढलेल्या जातीची ही आई पिल्लांना घेऊन लांबवर चालत सुटते. माळावर ते निभते. दलदलीत किंवा दवाने ओल्या झालेल्या गवतात मात्र ती इवली पिल्ले भिजतात, गारठतात, मागे पडतात. सकाळी पंधरा पिल्ले घेऊन निघालेली आई संध्याकाळी चार-पाच घेऊन परतली, तर पाळणाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे अंडी खुडूक बसलेल्या साध्या कोंबडीखाली ठेवायची. घानाच्या उत्तर भागात शेतकरी कुटुंबे हेच करत आली आहेत आणि आपल्याकडेही तेच करतात. कोंबडीची स्वतःची अंडी २१ दिवसांत फुटतात, ही मात्र २६ ते २८ दिवस घेतात. बिचारी कोंबडी आठवडाभर जादा बसते. अर्थात त्यासाठी अंडी आधी सापडायला हवीत. गिनी कोंबडी खुराड्यात अंडी घालीलच असे नाही. झुडपात आडोसा शोधते आणि तो पत्ता लागू देत नाही.

रोममध्ये पोचल्यावर ती देवळातून ताटात आली. व्हॅरोने इ.स.पू. ३७ मध्ये शेतीवरचा आपला ग्रंथ लिहिला तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. ‘आफ्रिकी कोंबड्या’ मोठ्या, ठिपकेदार आणि पाठीला पोक असलेल्या असतात, त्या दुर्मीळ म्हणून महाग विकल्या जातात, असे तो नोंदवतो. खवय्यांच्या चोचल्यांमुळे त्या अगदी अलीकडे पंगतीत आल्या, ही टिप्पणीही त्याचीच. पुढच्या शतकात कॉल्युमेलाने लाल तुऱ्या-गलोलाची आणि निळ्या तुऱ्या-गलोलाची अशा दोन जाती वेगळ्या सांगितल्या, तर कॅलिग्युला सम्राटाने स्वतःलाच देव ठरवून स्वतःच्या पूजेत जे पक्षी बळी द्यायला लावले, त्यांत मोर आणि रोहित यांच्याबरोबर याही होत्या, असे स्युटोनिअस लिहितो. साम्राज्य ढासळले आणि युरोपातून ही कोंबडी जवळजवळ दिसेनाशी झाली. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीज जहाजांनी तिला पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून पुन्हा नेले, तेच नाव तिला चिकटले. पोर्तुगीज तिला ‘पिंटाडा’ म्हणजे रंगवलेली म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेतून टर्की आली आणि नावांचा असा गोंधळ उडाला की १७५८ मध्ये लिनिअसने मेलिअ‍ॅगरच्या बहिणींचे नाव टर्कीला देऊन टाकले. ती टर्की १६१२ मध्ये गोव्यातून जहांगीर बादशहाच्या दरबारात पोचली आणि मन्सूरने तिचे सुरेख चित्र काढले. असो, तो वेगळा विषय.

आता आजचा हिशेब. जमेच्या बाजूला पहिली गोष्ट राखण. अनोळखी माणूस, कुत्रा, घार, काहीही दिसले की कळप एकसुरात ओरडतो. पण त्याच आवाजाला खर्चाच्या बाजूलाही लिहावे लागते, कारण तो पोस्टमनसाठी, उडत आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी आणि कधी कधी कशासाठीच नाही, असाही निघतो. मादीची दोन तुकड्यांची हाक दिवसभर चालू असते. बंगल्याला बंगला लागून असेल तिथे हा पक्षी पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी जमेची बाब म्हणजे किडे. ती साध्या कोंबडीइतकी माती उकरत नाही, त्यामुळे भाजीचे वाफे बऱ्यापैकी शाबूत राहतात आणि नाकतोडे, गोचीड टिपले जातात. १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिरवळीवरचे प्रौढ गोचीड या पक्ष्यांमुळे घटल्याचे दिसले. त्याच्या लेखकांमध्ये ख्रिस्टी ब्रिंक्ली ही प्रसिद्ध मॉडेलही होती! पण २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका आढाव्याने त्यातली मेख दाखवली. प्रौढ गोचीड कमी होतात, खसखशीएवढी पिल्लावस्था तशीच राहते, आणि तिथला लाइम आजार मुख्यतः त्या पिल्लावस्थेमुळेच पसरतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. तोही बहुतांशी गोचिडाच्या याच लहान अवस्थेतून माणसाला होतो. तेव्हा अंगणात गिनी कोंबड्या आहेत म्हणून रानात जाताना अंगभर कपडे घालायचे विसरू नये.

आणि साप. गिनी कोंबड्या सापाला गराडा घालतात, गोंगाट करतात, लहान साप टोचून मारतातही. एवढे खरे. पण विषारी सापांतला मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. त्या वेळी तुमचे हे पहारेकरी झाडावर झोपलेले असतात आणि अंधारात त्यांना फारसे दिसत नाही. शिवाय सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि उंदरांमागून साप. कोंबड्यांच्या भरवशावर खाट आणि मच्छरदाणी सोडणे जिवावर बेतू शकते.

लहान शेतकऱ्याला मात्र हा पक्षी परवडू शकतो. तो काटक आहे, चरून पोट भरतो, साध्या कोंबड्यांचे बरेच रोग त्याला सहसा होत नाहीत. अंड्याचे कवच जाड, त्यामुळे ते टिकते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याचे कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे वाण काढले आहेत. मराठी माणसाने ‘कादंबरी पाळली आहे’ म्हटल्यावर ऐकणारा गोंधळेल, तो भाग निराळा!

फक्त ती तुमच्याकडे राहिली पाहिजे. घानाच्या उत्तर भागात एका सरकारी विकास प्राधिकरणाने गिनी कोंबडीपालनाच्या योजनेवर सुमारे १ कोटी ५० लाख सेडी खर्च केले. हिशेब मागितल्यावर दाखवण्याजोगे पक्षी फारसे नव्हते, आणि २०१४ च्या सुमारास ‘कोंबड्या सीमेपलीकडे बुर्किना फासोत उडून गेल्या’ हे स्पष्टीकरण तिथे विनोदाचा विषय झाले. पैसे कुठे उडाले ते लेखापरीक्षकांनी पाहावे. पण मोठे पक्षी विकत आणून थेट मोकळे सोडले तर ते सरळ निघून जातात, हे कोणीही पाळणारा सांगेल. म्हणून आणायचीच तर पिल्ले आणावीत, काही आठवडे खुराड्यातच वाढवावीत आणि मग संध्याकाळच्या दाण्याच्या वेळेआधी तास-दोन तास बाहेर सोडायला सुरुवात करावी.