घाटनांदूरची रेल्वे आणि दप्तरातली उर्दू

अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरला रेल्वे निजामाच्या काळातच आली. विकाराबादहून परळीला गेलेल्या मार्गावरचं हे स्टेशन. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीड शहरात मात्र प्रवासी गाडी सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. यंत्र येणं आणि ते सगळ्यांच्या कामी येणं, यातलं अंतर बीडकरांना वेगळं सांगायला नको.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये त्यासाठी दहा हजार कोटींहून अधिक रकमेचं मिशन मंजूर केलं. राज्यानेही २०२५ मध्ये शेतीसाठी स्वतंत्र धोरण आणलं. चर्चा होते ती पैशाची, संगणकांची, विजेची. पण ही यंत्रणा नोंदींवर पोसली जाते आणि आपल्या नोंदींचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने अनुवादाचं स्वतंत्र खातं उभारून विज्ञान, वैद्यक, कायदा उर्दूतून शिकवला. देशी भाषेत आधुनिक ज्ञान आणता येतं, हे तिथे सिद्ध झालं. पण मराठवाड्यातला बहुसंख्य शेतकरी मराठी बोलणारा. त्याच्यासाठी कचेरीतला कागद परकाच राहिला. १९४८ नंतर कारभाराची भाषा बदलली. मग उर्दू आणि मोडीतली जुनी दप्तरं वाचणारेच कमी होत गेले.

याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन कागद वाचायला मोडी आणि उर्दूच्या जाणकारांची गरज पडली. आरक्षणाचा एवढा मोठा प्रश्न अखेर लिपी वाचणाऱ्या डोळ्यांपाशी येऊन थांबला.

मुस्लिम घरांना ही अडचण रोजची आहे. घरात दखनी, बाजारात मराठी, आजोबांचं खरेदीखत उर्दूत. एका कागदावर ‘शेख महेबूब’, दुसऱ्यावर ‘शे. मेहबूब’. माणसाला कळतं की नाव एकच आहे. यंत्राला ती दोन माणसं वाटू शकतात आणि त्याच्या निर्णयावर पीककर्ज किंवा अनुदान अवलंबून असेल, तर भुर्दंड शेतकऱ्यालाच.

म्हणून गावोगावची दप्तरं वाचून घेणं, मोडी-उर्दू जाणणारी पोरं तयार करणं आणि यंत्राची चूक दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला बसवणं, ही कामं आधी व्हायला हवीत. नाहीतर गाडी घाटनांदूरला येईल, बीड पुन्हा वाट बघत बसेल.