सात शिक्षकांपासून विद्यापीठापर्यंत

विद्यापीठाचा जन्म नेमका केव्हा झाला, असे विचारले तर कायद्याचे उत्तर सोपे असते. ज्या दिवशी सनद मिळाली तो दिवस. इतिहासाचे उत्तर मात्र सहसा निराळे निघते. हुबळीच्या विद्यानगरातील के. एल. ई. तंत्रज्ञान विद्यापीठ हे याचे उत्तम उदाहरण होय. २०१३ च्या राज्य कायद्यान्वये हे खासगी विद्यापीठ २०१४ साली अस्तित्वात आले. पण त्याची मुळे जवळजवळ शंभर वर्षे मागे, बेळगावच्या एका साध्या शाळेत आहेत.

१८१८ साली पेशवाई संपली, तरी पुढील अनेक वर्षे धारवाड-बेळगावकडील कचेऱ्यांत आणि शाळांत मराठीचाच वरचष्मा होता. कन्नडभाषक मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय फारशी नव्हती. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी अविरत खटपट केली. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. गिलगंची गुरुसिद्धप्पा आणि अरटाळ रुद्रगौडा यांनी मागासलेल्या समाजाच्या शिक्षणासाठी निधी उभारण्याचे कार्य हाती घेतले. जमीन अशी तयार झाली होती. पेरणी करणारे हात तेवढे हवे होते.

ते हात सात तरुण शिक्षकांचे होते. शि. शि. बसवनाळ, एम. आर. साखरे, एच. एफ. कट्टिमनी, बी. बी. ममदापूर, बी. एस. हंचिनाळ, पी. आर. चिकोडी व व्ही. व्ही. पाटील या सातजणांनी १३ नोव्हेंबर १९१६ रोजी बेळगावात अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा सुरू केली. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीचा हाच आरंभ होय. लोकांनी पुढे या सातजणांना ‘सप्तर्षी’ म्हटले. शाळेला पुढे गिलगंची-अरटाळ यांचे नाव देण्यात आले.

या मंडळींपुढे आदर्श होता तो पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. १८८४ साली टिळक-आगरकर प्रभृतींनी स्थापलेल्या त्या संस्थेने आजीव सभासदांची परंपरा घालून दिली होती. शिक्षकांनीच संस्था चालवावी, अल्प वेतनावर आयुष्य वेचावे आणि धन समाजाकडून मागून आणावे, अशी ती रीत. ज्या मराठीच्या वर्चस्वाखाली कन्नड शिक्षण मागे राहिले, त्याच मराठी मुलखातील एका संस्थेपासून कन्नड शिक्षकांनी संस्था उभारण्याचा धडा घेतला. भाषांच्या वादात ही देवघेव सहसा विसरली जाते.

१९१६ हे वर्ष आणखी एका कारणाने स्मरणीय आहे. त्याच वर्षी महर्षी कर्वे यांनी पुण्यास महिला विद्यापीठ काढले. विद्यार्थिनी अवघ्या पाच आणि सरकारी मान्यता नाही, अशी त्याची सुरुवात होती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, आणि कायद्याची मान्यता यायला १९५१ साल उजाडले. कर्व्यांनी आधी विद्यापीठ काढले व मान्यतेची वाट पाहिली. सात शिक्षकांनी आधी शाळा काढली. विद्यापीठ त्यांच्या स्वप्नातही नसावे. वाटा भिन्न होत्या, पण त्या चालण्याचे बळ एकच होते.

१९३३ साली संस्थेचे लिंगराज महाविद्यालय बेळगावात निघाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, हुबळीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले व बी. व्ही. भूमरड्डी यांचे नाव त्यास लाभले. कापसाची पेठ आणि रेल्वेचा कारखाना यांमुळे हुबळीस यंत्राची ओळख होतीच. यंत्रविद्येचे शिक्षण आता दारी आले. कर्नाटक विद्यापीठाशी ते दीर्घकाळ संलग्न होते. १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्या कक्षेत गेले आणि २००७ साली त्यास स्वायत्तता मिळाली. विद्यापीठ झाल्यावर प्रा. अशोक शेट्टर हे पहिले कुलगुरू झाले.

या प्रवासाची दुसरी बाजूही नोंदविणे अगत्याचे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढे मराठी वाचकांच्याही परिचयाच्या झालेल्या सुधा मूर्ती, येथे विद्युत अभियांत्रिकी शिकण्यास आल्या, तेव्हा साऱ्या महाविद्यालयात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. मुलींसाठी स्वच्छतागृहही नव्हते, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. कर्व्यांच्या विद्यापीठाला तोवर अर्धशतक लोटले होते. उदार हेतूने उभारलेल्या संस्थेचे दार सर्वांसाठी आपोआप उघडत नाही; ते उघडायला लावणारे कोणी लागते.

‘खासगी विद्यापीठ’ म्हटले की आज शुल्काचा आकडा आधी आठवतो. १९१६ साली ‘खासगी’ या शब्दात सरकारावर न विसंबता समाजाने स्वतः उचललेला भार अभिप्रेत होता. सनद आता विधिमंडळाच्या एका कायद्याने मिळते. पण सात शिक्षकांनी आयुष्य घालून मिळविलेला विश्वास कोणत्याही कायद्याने मिळत नाही. तो विद्यापीठाला वारशाने आला आहे आणि वारसा म्हणजे ऋणही असते. वर्गणीवर व दात्यांच्या औदार्यावर शंभर वर्षे उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाच्या सभासदांना हे ऋण निराळे समजावून सांगावे लागणार नाही.