टेस्टकाठचा तंटा

दक्षिण इंग्लंडातील हँपशायर परगण्यात टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यावर पोसल्या जात असल्यामुळे त्यांचा प्रवाह बारमाही, शीतल आणि इतका नितळ असतो की, काठावरचा माणूस ट्राउट माशाला सहज दिसावा; आणि या नितळपणामुळेच तेथील गळाच्या विद्येला शास्त्राची, किंबहुना धर्मशास्त्राची, कळा आली. फ्रेडरिक हॅल्फर्ड याने 1886 साली तरंगत्या कृत्रिम माश्यांवर ग्रंथ लिहून जी वहिवाट रूढ केली तिचा दंडक असा: मासा पृष्ठभागावरचे कीटक टिपतो आहे हे आधी निरखावे, त्याच्या मागे प्रवाहाच्या खालच्या अंगाला ओणवे राहावे, पिसे व रेशीम गुंडाळलेला गळ हवेतच हेलकावून कोरडा करावा आणि माशाच्या वरच्या बाजूस अशा हलक्या हाताने सोडावा की, दोरीची ओढ न लागता तो पाण्याच्याच गतीने त्याच्या तोंडाशी वाहत यावा. माशीमागे बारीकशी रेघ उमटली, तरी मासा तोंड फिरवतो.

येथवर ठीक, पण अनुयायांनी या दंडकाचे फर्मान करून टाकले. जी. ई. एम. स्क्यूज हा पेशाने वकील, म्हणजे पुराव्याचा माणूस. मारलेल्या ट्राउटच्या पोटात चमचा घालून त्याने ऐवज तपासला, तो बहुतेक पाण्याखालच्या, पंख न फुटलेल्या अळ्यांचा निघाला! बुडत्या माशीची कैफियत त्याने 1910 साली ग्रंथरूपाने मांडली. पुढे 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली, तेव्हा हॅल्फर्ड केव्हाच निवर्तला होता आणि ऐंशीला टेकलेल्या स्क्यूजला मात्र आपली बाजू पुन्हा मांडावी लागली.