चुकीचे निदान : रुग्णाने दाद कोठे मागावी?

१९९२ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. मुंबईतील एका कंपनीत विक्री व्यवस्थापक असलेले गृहस्थ तापाने आजारी पडले. जवळच्या डॉक्टरांनी आधी विषाणूजन्य ताप म्हणून औषधे दिली. गुण येईना, तेव्हा टायफॉइड समजून उपचार सुरू केले. या काळात रक्ताची एकही तपासणी झाली नाही. प्रकृती ढासळल्यावर त्यांना आधी एका नर्सिंग होममध्ये आणि नंतर बेशुद्धावस्थेत मोठ्या रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे काही तासांतच त्यांचा मृत्यू झाला. डॉक्टरांची नोंदणी होमिओपॅथीची होती आणि औषधे मात्र त्यांनी अॅलोपॅथीची दिली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पत्नीची तक्रार फेटाळली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून तीन लाख रुपये भरपाई मंजूर केली.

अशा घटनांनंतर नातेवाईकांच्या मनात संताप असतो, पण पुढे नेमके काय करायचे, हे ठाऊक नसते. कोणी पोलीस ठाणे गाठतो, कोणी वकिलाकडे जातो, तर कोणी नशिबाला दोष देऊन गप्प बसतो. कायद्याने दाद मागण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. मात्र प्रत्येक मार्गाने मिळणारे फळ वेगळे असते. ग्राहक आयोग आणि दिवाणी न्यायालय भरपाई देऊ शकते, वैद्यक परिषद डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते आणि शिक्षा देण्याचा अधिकार फक्त फौजदारी न्यायालयाला आहे. आपल्याला काय हवे आहे, हे आधी ठरविले तर पुढची बरीच वणवण टळते.

चूक आणि हलगर्जीपणा

सर्वप्रथम एक कटू सत्य लक्षात घ्यायला हवे. निदान चुकले, एवढ्याने डॉक्टर कायद्याने दोषी ठरत नाही. अनेक आजारांची लक्षणे सुरुवातीला सारखीच असतात आणि निष्णात डॉक्टरचाही अंदाज चुकू शकतो. तेवढेच ज्ञान असलेल्या सर्वसाधारण डॉक्टरने त्या परिस्थितीत जी दक्षता घेतली असती, ती घेतली गेली का, एवढेच न्यायालय पाहते. पुण्यातील एका डॉक्टरसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच डॉक्टरची कर्तव्ये सांगितली होती. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणते उपचार द्यावेत हे ठरविताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेणे डॉक्टरला बंधनकारक आहे.

याचा अर्थ असा, की न्यायालयात निदानापेक्षा निदानापर्यंत पोहोचण्याची पद्धत तपासली जाते. रुग्णाची तक्रार नीट ऐकली का? लक्षणे पाहता आवश्यक असलेली तपासणी सांगितली का? तिचा अहवाल वेळेत पाहिला का? औषधाने गुण येत नसताना निदानाचा फेरविचार केला का? तज्ज्ञाकडे पाठविण्यास उशीर केला का? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरच्या विरोधात जात असतील, तर प्रकरणात दम आहे असे समजावे.

यापुढची पायरी अधिक अवघड असते. योग्य निदान वेळेवर झाले असते तर हानी टळली असती किंवा कमी झाली असती, हेही दाखवावे लागते. निदानाला दोन दिवस उशीर झाला, पण त्याने परिणामात फरक पडला नसता, असे निष्पन्न झाले तर भरपाई मिळणे कठीण होते.

आधी कागद ताब्यात घ्या

अशा खटल्यांत सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे रुग्णाचे कागद. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. नवी आचारसंहिता ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली होती. परंतु त्याच महिन्यात ती स्थगित करून २००२ चे नियम पुन्हा लागू करण्यात आले.

मागणी नेहमी लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, ताप व रक्तदाबाचे तक्ते, प्रयोगशाळेचे अहवाल, एक्स-रे, सोनोग्राफी व स्कॅनच्या प्रतिमा, संमतीपत्रे आणि बिले, हे सारे मागावे. गाठीच्या तपासणीबाबत वाद असेल तर अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि ब्लॉकही मागावेत, कारण दुसऱ्या तज्ज्ञाला त्यावरूनच फेरतपासणी करता येते. चूक प्रयोगशाळेची असेल तर तिलाही तक्रारीत प्रतिवादी करता येते. रुग्णाचा मृत्यू झाला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांना कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी. ती संधी पुन्हा मिळत नाही.

ग्राहक आयोग : मुख्य मार्ग

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात मोडते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाल्यावर डॉक्टरांना त्यातून वगळले गेले आहे काय, असा वाद निर्माण झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा दावा अमान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. म्हणजेच पैसे घेऊन सेवा देणारे डॉक्टर आणि रुग्णालये आजही या कायद्याच्या कक्षेत आहेत. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरले असले तरी रुग्ण ग्राहकच ठरतो. रुग्ण हयात नसेल तर वारसांना आणि अज्ञान मुलाच्या वतीने पालकांना तक्रार करता येते.

तक्रार कोणत्या आयोगाकडे करायची, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. त्यामुळे बहुसंख्य रुग्णांची तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारदार स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. गावाकडील रुग्णाने मुंबई-पुण्यात उपचार घेतले असतील तर ही सोय मोलाची आहे. वकील देणे सक्तीचे नाही. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून ऑनलाइन तक्रार करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

तज्ज्ञ डॉक्टरचे मत सोबत जोडले तर तक्रारीला बळ येते. मात्र प्रत्येक प्रकरणात ते अनिवार्य नाही. हैदराबादमधील एका रुग्णालयात थंडी-तापाने दाखल झालेल्या महिलेवर टायफॉइडचे उपचार झाले. प्रत्यक्षात तिला मलेरिया होता आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. जिल्हा मंचाने पतीला भरपाई दिली, परंतु तज्ज्ञाचे मत नाही या कारणाने ती वरच्या पातळीवर रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जिल्हा मंचाचा निर्णय पुन्हा कायम केला. चूक उघडपणे दिसत असेल तर तज्ज्ञाच्या मतासाठी अडून बसण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन वर्षांची मर्यादा

ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. विलंबाचे सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. चूक उशिरा उघडकीस आली तर मुदत कधीपासून मोजायची, हा प्रश्न वारंवार उद्भवतो. हानी रुग्णाला दिसण्याजोगीच नसेल, तर ती कळल्या दिवसापासून मुदत धरता येते. मात्र त्रास जाणवत असूनही रुग्ण स्वस्थ राहिला, तर हा लाभ मिळत नाही.

गोव्यातील एका परिचारिकेवर मुंबईत १९९३ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. पोटात राहिलेला गॉजचा तुकडा २००२ मध्ये सापडला आणि तिने २००४ मध्ये तक्रार केली. इतकी वर्षे वेदना होत असताना तिने, विशेषतः स्वतः परिचारिका असताना, चौकशी करायला हवी होती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही तक्रार मुदतबाह्य ठरविली. शंका आली त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरचे मत आणि कागद घेणे का आवश्यक आहे, हे या निकालावरून दिसते.

सरकारी रुग्णालय असेल तर

सर्वांना सरसकट मोफत सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतात. नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. परंतु काही रुग्णांकडून पैसे घेऊन इतरांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयांतील मोफत रुग्णालाही ग्राहकाचेच हक्क आहेत. धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांवर उपचार घेणाऱ्या गरीब रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे.

पूर्णतः मोफत सरकारी सेवेबाबत दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा करता येतो. साधारणतः तीन वर्षांची मुदत असते, मृत्यूच्या प्रकरणात ती दोन वर्षांची आहे. दावा करण्यापूर्वी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयातील शस्त्रक्रियेत महिलेच्या पोटात टॉवेल राहिल्याच्या प्रकरणात, कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाला राज्य सरकार जबाबदार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. हक्कांचा उघड भंग झाला असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचाही मार्ग आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

वैद्यक परिषद आणि पोलीस

डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळासाठी स्थगित करू शकते किंवा कायमची रद्दही करू शकते. भरपाई देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. होमिओपॅथी व आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठी स्वतंत्र परिषदा आहेत. रुग्णालयाच्या कारभाराविषयी तक्रार असेल तर त्याची नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाकडे जावे. शहरांत हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे.

पोलिसांत तक्रार करण्यापूर्वी मात्र विचार करावा. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 'जेकब मॅथ्यू' खटल्यात २००५ मध्ये ठरविले. पोलिसांनी तपासात पुढे जाण्यापूर्वी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असेही त्यात नमूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना तसे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षे आहे. रुग्णालयात तोडफोड किंवा मारहाण केल्यास २०१० च्या राज्य कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा दाखल होतो आणि न्याय मागणारेच आरोपी होऊन बसतात.

वाट लांबची आहे

चेन्नईतील सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये एका मुलीचा अपुऱ्या दिवसांनी जन्म झाला. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करणे आवश्यक असते. ती झाली नाही, पालकांना तसे सांगितलेही गेले नाही आणि मुलीची दृष्टी गेली. राष्ट्रीय आयोगाने पाच लाख रुपये भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती सुमारे एक कोटी ८० लाखांवर नेली. तोवर ती मुलगी अठरा वर्षांची झाली होती.

पालकांना इतकी वर्षे लढता आले, कारण तपासणी झाली नव्हती, ही गोष्ट कागदावर दिसत होती. म्हणूनच ज्यांना दाद मागायची आहे त्यांनी पहिल्याच दिवशी एक साधे काम करावे. कोणत्या तारखेला कोणती लक्षणे होती, डॉक्टरांना काय सांगितले, त्यांनी काय तपासले आणि कोणते औषध दिले, याचे तारीखवार टिपण घरातील सर्वांना विचारून लिहून काढावे आणि प्रत्येक नोंदीसमोर संबंधित कागद लावावा. वकिलाकडे किंवा ग्राहक संघटनेकडे जाताना हे टिपण सोबत असले, की प्रकरण केवळ दुःखाचे आहे की दाव्याचेही, हे पहिल्या भेटीतच बऱ्याच अंशी कळू शकते.