कापाचा दोष कोठें असतो?

शहरांतील फर्निचरच्या एखाद्या मोठ्या कारखान्यांत आज सुताराच्या हातीं पटाशी क्वचितच दिसते. एका रुंद, सपाट मेजावर प्लायवूडचा तक्ता पसरलेला असतो. त्याच्यावरून एक मोटर इकडून तिकडे सरकत असते, आणि तिच्या खालच्या टोंकाला बसविलेलें बोटाएवढें पातें मिनिटाला १८,००० फेरे घेत लांकूड कोरीत जातें. मोटरीनें कोठें जावें आणि पात्यानें किती खोल उतरावें, हें संगणकांतले आंकडे ठरवितात. या यंत्राला सीएनसी राउटर म्हणतात. काम संपतें, कारागीर तक्ता उचलतो आणि पाहतो तों कड करपून काळी पडलेली, वरच्या थराच्या झिलप्या उठलेल्या, आणि वर्तुळ म्हणून कोरलेलें भोंक किंचित् लांबट! तो पातें बदलतो. नवें पातेंही तसेंच कापतें. मग दोष आहे तरी कोठें?

हा प्रश्न आजचा नव्हे. यंत्रानें कापण्याची विद्या जितकी जुनी, तितकाच तोही जुना आहे. दोष कापावर दिसतो, परंतु त्याचें मूळ बहुधा कापापासून दूर असतें, ही एकच गोष्ट शिकावयास यंत्रकारांच्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या. त्या शिक्षणाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१७६५ सालीं जेम्स वॅट यास वाफेच्या इंजिनांतील सुधारणा सुचली. न्यूकोमेनच्या जुन्या इंजिनांत सिलिंडरांत वाफ भरावयाची आणि तेथेंच पाणी सोडून ती निववावयाची, अशी रीत होती. त्यामुळें सिलिंडर दर खेपेस तापे, निवे, आणि कोळसा अतोनात जळे. वॅटनें वाफ निवविण्यासाठीं निराळें पात्र योजिलें आणि सिलिंडर सदोदित तप्त ठेवण्याचें ठरविलें. १७६९ सालीं त्यास पेटंट मिळालें. तरी कामाचें इंजिन खाणीवर चालूं व्हावयास १७७६ साल उजाडलें. कल्पनेंत न्यून नव्हतें. न्यून होतें सिलिंडराच्या कापांत. जुन्या इंजिनांत दट्ट्या आणि सिलिंडर यांमध्यें फट राहिली, तर दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवून ती बुजवीत. वॅटच्या तप्त सिलिंडरांत पाण्याचा हा उपाय चालण्यासारखा नव्हता. त्यानें फटींत चिंध्या, बूच, पुठ्ठा असे नाना पदार्थ कोंबून पाहिले. वाफ निसटतच राहिली. काल जो काप चांगला गणला जात होता, तो नव्या गरजेपुढें एकाएकीं वाईट ठरला.

त्या काळचा अग्रगण्य इंजिनिअर जॉन स्मीटन यानें हें इंजिन पाहून, इतकें नेमकें काम करणारीं हत्यारें नाहींत आणि माणसेंही नाहींत, असा अभिप्राय दिला असें सांगतात. स्मीटनचें बोलणें पोकळ नव्हतें. त्यानें स्वतः कॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यासाठीं सिलिंडर कोरण्याचें यंत्र रचिलें होतें. त्या यंत्रांत कापणारें डोकें एका लांब दांड्याच्या टोंकाला असे, आणि दांड्याला आधार एकाच बाजूनें. दुसरें टोंक वजनानें झुकूं नये म्हणून तें एका लहानशा गाड्यावर टेकवीत, आणि तो गाडा त्या ओतीव सिलिंडराच्याच तळावरून धांवे. परिणाम उघड होता. ओतकामांत जी वांक राहिली असेल, तिच्यावरूनच हत्याराची वाट जाई. भोंक गुळगुळीत होई, पण सरळ होत नसे.

हें कोडें जॉन विल्किन्सन या लोहकारानें सोडविलें. वेल्समधील बर्शम येथें त्याचा कारखाना होता, आणि तोफा भरीव ओतून मग कोरण्याच्या रीतीचें पेटंट त्यानें १७७४ सालीं घेतलें होतें. पुढें सिलिंडरासाठीं त्यानें निराळें यंत्र उभारिलें. त्यांतील दांडा सिलिंडराच्या आरपार जाई आणि दोन्ही टोंकांना भक्कम आधारावर टेके. सिलिंडर जागीं पक्का बांधलेला असे, आणि कापणारें डोकें दांड्यावरून पुढें सरके. आतां हत्याराला वाट दाखविणारा तो दांडा होता, वांकडें ओतकाम नव्हतें. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानें १७७६ सालीं कौतुकानें नोंदविलें कीं, ५० इंच व्यासाच्या सिलिंडरांत विल्किन्सनची चूक कोठेंही जुन्या शिलिंगच्या जाडीहून अधिक नाहीं. धार तशीच होती, लोखंडही तेंच होतें. बदलला तो केवळ आधार. वाईट कापाचें पहिलें कारण अशा रीतीनें उघडकीस आलें: हत्यार ज्याच्यावर उभें आहे, तें ढळतें आहे काय?

दुसरा धडा लांकडाच्या कामांतूनच मिळाला. इंग्लंडच्या आरमाराला जहाजांच्या दोरखंडांसाठीं दरवर्षीं एक लाखाच्या घरांत कप्प्या लागत. हातानें केलेल्या दोन कप्प्या एकसारख्या क्वचितच उतरत. मार्क ब्रुनेल यानें यंत्रांची योजना केली, सॅम्युएल बेंथम यानें तिला सरकारांत पाठबळ दिलें, आणि हेन्री मॉडस्ली यानें तीं यंत्रें घडविलीं. १८०२ ते १८०८ या काळांत पोर्ट्स्मथच्या गोदींत सुमारें पंचेचाळीस यंत्रें उभीं राहिलीं. १८०८ सालीं तीं १,३०,००० कप्प्या देऊं लागलीं. एकशें दहा कसबी कारागिरांचें काम दहा अकुशल माणसें करूं लागलीं, असा हिशेब आहे. मॉडस्लीनें यंत्रांचे सांगाडे लांकडाचे न करतां धातूचे केले. लांकडाचा सांगाडा हवेबरोबर फुगतो, आकसतो आणि धक्क्यानें लवतो. मग त्याच्यावरचें हत्यार स्थिर कसें राहणार? लेथवर हत्यार हातांत न धरतां सरकत्या बैठकींत आवळून धरण्याची रीतही त्यानेंच पूर्णत्वास नेली. हात थरथरतो, थकतो. बैठक थकत नाहीं.

परंतु या लाभाबरोबर एक हानिही झाली. ज्या शंभर कारागिरांचें काम गेलें, त्यांच्या हातांबरोबर त्या हातांचें ज्ञानही गेलें. रंधा मारतांना सुताराच्या तळव्याला लांकडाची रेषा उलटल्याचें तत्क्षणीं कळतें आणि तो रंधा फिरवितो. यंत्राला तें कळत नाहीं. दोष ओळखण्याचें काम तेव्हांपासून हाताकडून डोळ्याकडे आणि हिशेबाकडे आलें.

तो हिशेब मांडण्याचें श्रेय अमेरिकेंतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर यास द्यावें लागतें. १८८० सालीं फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यांत त्यानें धातुकापाच्या प्रयोगांस आरंभ केला, आणि ते सव्वीस वर्षें चालले. नोंद झालेल्या प्रयोगांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान असून त्यांत सुमारें आठ लक्ष पौंड लोखंड व पोलाद यांचा चुरा झाला. १९०६ च्या डिसेंबरांत अमेरिकन यंत्र-इंजिनिअरांच्या संस्थेपुढें अध्यक्ष या नात्यानें त्यानें आपले निष्कर्ष मांडले. काप कसा उतरेल हें बारा गोष्टींवर अवलंबून असतें, असें त्यानें दाखविलें: धातूचा कठिणपणा, हत्याराचें पोलाद, धारेचा आकार, कापाची खोली, सरकण्याचा वेग, हत्यारावर सोडलेलें पाणी वगैरे. अकरा गोष्टी स्थिर ठेवून बारावी तेवढी बदलावयाची, ही त्याची रीत. कापाच्या जागीं पाण्याची भरघोस धार सोडली, तर वेग तीस ते चाळीस टक्के वाढवितां येतो, हें त्यास अशाच प्रयोगांतून कळलें. एकाच वेळीं दोन गोष्टी बदलणाऱ्यास काप सुधारला तरी कां सुधारला हें कळत नाहीं, हें टेलरच्या कामाचें सार.

त्याच्या यशालाही एक काळी किनार होती. कापाचें ज्ञान कारागिराच्या डोक्यांतून काढून कचेरींतल्या गणकपट्टीवर आणावयाचें, आणि कारागिरानें केवळ हुकूम पाळावयाचा, असा त्याच्या पद्धतीचा कल होता. १९११ सालीं वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून काम मोजूं लागतांच ओतारी काम सोडून बाहेर पडले, आणि प्रकरण अमेरिकेच्या कायदेमंडळापर्यंत गेलें. ज्याच्या समोर काप उतरतो, त्यालाच विचारावयाचें नाहीं, हें त्या माणसांस रुचलें नाहीं.

आणि टेलरच्या गणकपट्टीलाही एका दोषानें हार खावयास लाविलें. तो म्हणजे हत्याराची थरथर. यंत्रावर काम करणाऱ्यापुढील सर्वांत गूढ आणि नाजूक प्रश्न हाच, असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें. या थरथरीचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडांत टोबिअस आणि चेकोस्लोव्हाकियांत ट्लुस्टी यांच्यासारख्या संशोधकांनीं केला. हत्यार एकदां कांपलें कीं कापावर बारीक लाटा उठतात. पुढच्या फेऱ्यास धार त्या लाटांवरून जाते. लाट उंच तेथें काप जाड, खोल तेथें पातळ. त्यामुळें जोर कमीअधिक होतो, हत्यार अधिक कांपतें आणि लाटा आणखी वाढतात. मागच्या कापाचा दोष पुढच्या कापाला जन्म देतो. यांतून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला: कांहीं वेळां वेग कमी न करतां वाढविला, तर थरथर थांबते. अनुभवी माणसाचा हात बहुधा नेमका उलट दिशेला वळतो.

दरम्यान यंत्राची सूत्रें आंकड्यांच्या हातीं गेलीं होतीं. मिशिगनमधील जॉन पार्सन्स यास हेलिकॉप्टरच्या पंखांचे वक्र आकार नेमके हवे होते. त्यानें त्यांवरील बिंदू गणकयंत्रानें काढविले आणि त्या आंकड्यांनींच यंत्र चालवावें असें योजिलें. १९४९ सालीं अमेरिकन वायुदलानें त्यास काम दिलें, आणि पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेनें १९५२ सालीं तीन दिशांनीं सरकणारें यंत्र भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून चालवून दाखविलें. जुन्या रेडिओंत असत तशा निर्वात नळ्यांनीं भरलेलें त्याचें कपाट यंत्राहून मोठें होतें. पुढें फितीची जागा संगणकानें घेतली. आजचा राउटर याच वंशाचा. पण त्यालाही सांगितलेला आंकडा तेवढा समजतो. लांकूड करपत आहे याचा वास त्यास येत नाहीं.

म्हणून करपलेल्या कडेपाशीं पुन्हां यावें. वरील इतिहासानें शोधाची वाट आंखून ठेविली आहे. प्रथम विल्किन्सनचा प्रश्न: आधार ढळतो काय? तक्ता मेजाला पक्का धरलेला आहे काय, पातें पकडणारा चिमटा झिजला आहे काय? मोटर मेजाशीं काटकोनांत उभी नसेल, तर सपाट केलेल्या पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. वर्तुळ लांबट झालें, तर पात्यास दोष न देतां मळसूत्राचा ढिलेपणा आणि पट्ट्याचा ताण तपासावा. मग टेलरचा प्रश्न: वेग आणि सरक यांचें प्रमाण काय? दोन धारांचें पातें मिनिटाला १८,००० फेरे घेत असतांना मिनिटाला ६ मीटर सरकलें, तर प्रत्येक धारेच्या वांट्याला सुमारें ०.१७ मिलिमीटर लांकूड येतें. तेंच दीड मीटरच सरकलें, तर ०.०४ मिलिमीटर. एवढ्या पातळ कापांत धार लांकूड कापीत नाहीं, घांसते. घांसण्यानें उष्णता होते, आणि कड काळी पडते. सावकाश जावें म्हणजे काप चांगला येईल, ही कारागिराची सद्भावनाच येथें घात करते. झिलप्यांचें कारण आणखी निराळें: पात्याचा पीळ वर ओढणारा असला कीं तो प्लायवूडचा वरचा पापुद्रा उचलतो. खालीं दाबणारा पीळ, किंवा दोन्ही पीळ एकत्र असलेलें पातें, हा त्यावर उपाय.

असे एकाच तक्त्यावरचे तीन दोष तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले असूं शकतात, आणि त्या सर्वांचा आरोप मात्र एकट्या पात्यावर, नाहींतर यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसावर होतो. स्मीटननें हत्यारें नाहींत आणि माणसें नाहींत असें म्हटलें, त्यानंतर थोड्याच वर्षांत विल्किन्सननें दांड्याला दुसरा आधार दिला आणि माणसें मिळालीं. यंत्र बिघडलें असतां माणसास बोल लावण्यापूर्वीं एवढें तरी आठवावें. आणि यंत्रापाशीं उभा असलेला माणूस कापाचा वास घेतो, आवाज ऐकतो, कडेवरून बोट फिरवितो. त्याचें म्हणणें प्रथम ऐकावें.